परकोटाबाहेरची बाई कुठं शोधायची?

या वेळचं पत्र अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडं कापून देते.

‘ताई, नमस्कार. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खरिपाची गर्दी ओसरली की काउंटरवर बसून मी कादंबरी लिहितो. काळ १८६४चा. अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि आर्वीकडची एक मजूर बाई पोट भरायला अमरावतीला येते, अशी गोष्ट आहे. अभ्यास म्हणून १८७०चं वऱ्हाडचं गॅझेटिअर (इंग्रज सरकारचा माहितीग्रंथ), १९११चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटिअर, यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि एका नगरपालिकेची जुनी स्मरणिका एवढं वाचून काढलं. दोन मोठी रजिस्टरं भरली. पण लिहायला बसलो की कागदावर गॅझेटिअरच उतरते. मित्र म्हणते, “लेका, कादंबरी लिहून राह्यला का पटवाऱ्याचा अहवाल?” या पुस्तकांवर किती भरवसा ठेवू? माझी बाई त्यांत कुठंच नाही, तिला आणू कुठून? तिचं बोलणं वऱ्हाडीत ठेवू की पुस्तकी? आणि स्मरणिकेतल्या एका सावकाराला मी खलनायक केलंय. त्याचे वंशज आजही बाजारपेठेत दुकान चालवतात. चालेल का? तीन प्रकरणं सोबत पाठवतो आहे.’

भाऊ, तीन्ही प्रकरणं वाचली. तुमची बाई मला आवडली, फक्त तिचं नाव आधी बदला. १८६४ साली आर्वीकडच्या मजुराच्या घरात ‘आर्या’ कुणी नव्हती.

दुसऱ्या प्रकरणात ती अमरावती स्टेशनवर उतरते. स्टेशन तेव्हा नव्हतं. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली १८६७मध्ये, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला येणारा फाटा त्याच्याही नंतरचा. ही गफलत कशी झाली तेही तुमच्या पत्रावरून दिसतं. अमरावतीचं वर्णन तुम्ही १९११च्या पुस्तकातून घेतलंत. त्यातलं शहर १९११चं आहे. गॅझेटिअर ‘आहे’ म्हणतं तेव्हा ते स्वतःच्या छपाईच्या सालाबद्दल बोलत असतं. हा घोटाळा जुन्या शहर-इतिहासांवर लिहिणाऱ्या फार जणांच्या हातून होतो, कारण अशा पुस्तकात एकाच पानावर यादवांचा काळ, इमादशाही, निजाम आणि कालपरवाची म्युनिसिपालिटी शेजारी शेजारी नांदत असतात. तेव्हा रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीपुढे दोन सालं लिहा: ही गोष्ट केव्हाची, आणि ती लिहिली केव्हा. निम्मी रजिस्टरं तिथंच गळून पडतील. पडू द्या.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी. पहिल्या प्रकरणात बाईचा बाप ‘वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीत’ खेटे घालतो. वर्धा शहर वसलं १८६६मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. जिल्हा नागपुरातून १८६२ला वेगळा झाला होता, पण त्याचं ठाणं तेव्हा पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. आणि तिथं काय, वऱ्हाडात काय, जिल्ह्याचा साहेब कलेक्टर नव्हता, डेप्युटी कमिशनर होता. तसंच तालुक्याला मामलेदार नव्हता, तहसीलदार होता. पुण्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून आपल्याकडचे लेखक मामलेदार आणि कुळकर्णी इकडं आणतात, तेव्हा मला फार चिडायला होतं. आपल्या खेड्यात आजही माणूस ‘पटवाऱ्याकडे जातो’ म्हणतो. ते घरचं ज्ञान कादंबरीत का नको?

कापसाचा भाव तुम्ही क्विंटलमध्ये दिलाय आणि मजुरी ‘पन्नास पैसे रोज’. शंभर पैशांचा रुपया १९५७पासूनचा. तुमच्या बाईच्या हातात आणे आणि पैसे पडतील. रुपयाला सोळा आणे, आण्याला चार पैसे. कापूस मणात आणि खंडीत मोजला जाईल. त्यातही सावध राहा: मुंबईच्या कापूस बाजारातली खंडी ७८४ पौंडांची होती, पण गावोगावचा मण आणि खंडी वेगळी असे. ही अडचण समजू नका. गावच्या मापानं घेऊन शहरच्या मापानं विकणारा माणूस तुमच्या गोष्टीत आहेच की, त्याचं नफ्याचं गणित इथं आयतं मिळतं. आणि शेतातलं वाण, ते मात्र तुमच्या दुकानातल्या पिशवीवरचं नको. तिसऱ्या प्रकरणात जे टपोरं बोंड फुटलंय ते बीटीचं आहे, हे मला इथं बसून दिसतंय. तेव्हाचा कापूस देशी होता. हिंगणघाटच्या बाजाराचा, बनी जातीचा कापूस नावाजलेला होता. त्याची बोंडं, झाड, वेचणीचा हंगाम हे तुमच्याहून चांगलं कोण शोधून काढणार?

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट आहे ती नदीची. बाईचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडं, आर्वीकडं, सासर अलीकडं. तुम्ही दोन्ही गावं सारखीच रंगवली आहेत. १८६४मध्ये ती दोन वेगळ्या मुलखांतली गावं होती. पलीकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघुजी १८५३च्या डिसेंबरात वारले, दत्तक मानला गेला नाही, राज्य खालसा झालं आणि १८६१मध्ये ते मध्य प्रांतात गेलं. अलीकडचं वऱ्हाड निजामाचं. १८५३च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडं आला, पण मालकी कागदावर निजामाचीच राहिली आणि वर हुकूम चालायचा हैदराबादच्या रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा. म्हणजे एकच टोपीवाला साहेब, पण नदीच्या दोन काठांवर त्याची दोन दप्तरं. जमिनीचा हिशेब तर पूर्ण निराळा. पलीकडं मालगुजार. गावाचा सारा त्यानं भरायचा, आणि १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवायच्या कामात, त्यालाच गावाची मालकी मिळाली. अलीकडं मुंबईच्या धर्तीची रयतवारी, म्हणजे शेतकरी स्वतः खातेदार आणि गावात पाटील-पटवारी. बाईचा बाप मालगुजाराचं कूळ असेल तर त्याचं मिंधेपण वेगळं, नवरा खातेदार असेल तर त्याचं कर्ज वेगळं. ती नदी ओलांडते तेव्हा तिचा धनी बदलतो, कायदा बदलतो, आणि तुम्ही मात्र त्या जागी दीड पान सूर्यास्त लिहिलाय. अमरावतीच्या इतिहासातून आर्वीचं गाव उभं करता येत नाही, ते याच्यासाठी. त्या काठासाठी वर्धा जिल्ह्याचं १९०६चं गॅझेटिअर आणि जुने बंदोबस्त अहवाल बघा.

आता भरवशाचं. पुस्तक कुणी कुणासाठी लिहिलं हे धरून बसलात की किती विश्वास ठेवायचा ते आपोआप ठरत जातं. १८७०चं गॅझेटिअर आल्फ्रेड लायल यांनी तयार केलं. ते वऱ्हाडातले बडे अधिकारी होते, विद्वान होते, लिहायचेही सुरेख. पण पुस्तक होतं नव्या साहेबांसाठी: मुलूख कसा आहे, उत्पन्न किती, माणसं कशी वागवावीत. आणि मुलूख नुकताच ताब्यात आलेला. त्यामुळं निजामाच्या काळातली बजबजपुरी त्यात गडद होते आणि १८५३नंतरची भरभराट उजळ. दोन्ही खोटं असेलच असं नाही; पण तराजू कुणाच्या हातात आहे ते विसरायचं नाही. काळे यांचं पुस्तक १९२४चं, आपल्या माणसानं आपल्या भाषेत लिहिलेलं, आणि मला त्याविषयी मनापासून आदर आहे. मोहिमा, तह, घराणी, वतनं यांसाठी त्याच्याकडं पुन्हा पुन्हा जावं लागतं. पण ज्याच्या घरात सनद होती त्याचंच नाव अशा पुस्तकात येतं. स्मरणिकेबद्दल काय सांगू? ज्यांनी जाहिरात दिली त्यांचे आजे-पणजे तिच्यात दानशूर असतात. तरी ती फेकू नका. जाहिराती, फोटोंखालची नावं, कुठल्या सालात कुठला रस्ता झाला आणि कुठल्या वस्तीत नळ सगळ्यांत शेवटी पोचला, हे स्मरणिकेइतकं दुसरीकडं सापडत नाही.

आकड्यांचं पाहा. अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं १८४२ साली एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला धाडला, हे वाक्य तुम्ही पहिल्या प्रकरणात निवेदकाच्या तोंडी ठामपणे घातलंय. जुन्या पुस्तकात ते ‘असं म्हणतात’ अशा बेतानं आलेलं आहे. ते ‘म्हणतात’ तुम्ही उतरवून घेताना गाळलंत. अमरावतीच्या परकोटातल्या, म्हणजे शहराभोवतीच्या तटातल्या, खुनारी नावाच्या खिडकीपाशी (छोट्या दरवाजाला खिडकी म्हणत) सातशे माणसं मारली गेली, हेही तसंच गोल. एक लाख, सातशे, असे आकडे कुणी मोजून लिहीत नाही. ते बाजारात बोलले जातात आणि साहेब ते टिपून घेतो. इतिहासकाराला याचा त्रास होतो. तुमचं काम उलट सोपं होतं: निवेदकाच्या तोंडून काढा आणि एखाद्या म्हाताऱ्या गाडीवानाच्या तोंडी घाला. तो सांगेल, लाख बैल. शेजारचा म्हणेल, लाख नाही, दोन लाख. मग आकडा खरा आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. माणसं त्या काळाबद्दल काय बोलत होती, ते खरं असतं.

आणि एक इशारा, जरा कडक. जातींच्या ‘स्वभावा’बद्दल गॅझेटिअरांत जे परिच्छेद आहेत ते तुमच्या लिखाणात जसेच्या तसे उतरलेत. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातला पारधी दिसायच्या आधीच चोर ठरला आहे. त्या परिच्छेदांच्या मागे कोणती नजर होती, ते १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं दाखवलं. आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या गेल्या, आणि तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ साल उजाडलं. लोकांच्या मनातून तो पुसला गेला का, हे आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा. असा मजकूर कादंबरीत येऊच नये असं मी म्हणत नाही. एखाद्या साहेबाच्या, पाटलाच्या तोंडी तो येऊ शकतो. निवेदकाच्या तोंडी आला तर ते तुमचं स्वतःचं मत झालं.

आता तुमच्या बाईकडं येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. ‘ती त्या पुस्तकांत कुठंच नाही’ असं तुम्ही लिहिता. नावानं नाही, हे खरं. पण शहराचा इतिहास जिथं गौरव सांगतो तिथं तुम्ही तिला शोधताय. परकोट, दरवाजे, देवळं, नबाब, शेठ. तिथं ती नसणारच. जिथं पुस्तक तक्रार करतं, मनाई करतं, कर बसवतं, तिथं बघा. मनाई कुणी उगाच करत नाही. लोक करत असतात म्हणून मनाई होते. अमक्या ठिकाणी कचरा टाकू नये, तमक्या विहिरीवर धुणं धुऊ नये, रस्त्यात दुकान मांडू नये, असले नियम तुम्ही वाचताना ओलांडून गेला असाल. त्या प्रत्येक नियमात एक माणूस उभा आहे, बहुतेकदा बाईच.

कापसाचंच घ्या. १८६६मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. त्याच्या खात्याचे वार्षिक अहवाल आहेत. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला माल पाहिजे, म्हणून हे खातं. त्या काळातला एक मोठा ओरडा असा, की हिंदुस्थानी कापूस घाण येतो: पानाचा कचरा, माती, सरकी, वजन वाढवायला मारलेलं पाणी. मुंबईत तर भेसळीविरुद्ध १८६३मध्ये कायदाच करावा लागला. आता मला सांगा भाऊ, ती पानं कुणाच्या ओंजळीतून आली? पहाटे दवात भिजलेला कापूस कोण वेचत होतं, आणि तो तसाच का वेचायला लावला जात होता? गंजीवर पाणी मारायला कुणाला पाठवलं जायचं, आणि पकडलं गेलं तर नाव कुणाचं यायचं? सरकी काढायच्या हाताच्या रेच्यावर दिवसभर कोण बसायचं? सरकारी अहवालात जो ‘कचरा’ आहे तो तुमच्या नायिकेचा अख्खा दिवस आहे. तिला वेचणीची मजुरी रोख मिळायची की वेचलेल्या कापसातला वाटा, हे शोधा. वाटा असेल तर तिच्या पदराला कापूस बांधलेला असेल, आणि भाव चढला की त्या पदराची झडती घेणारा माणूसही असेल. १८६५च्या एप्रिलात अमेरिकेतली लढाई आटोपली आणि भाव कोसळले, त्या दिवसांत तोच पदर कुणी हुंगलाही नसेल. तुमच्या कादंबरीची चढ-उतार एवढ्यावर उभी राहते, त्याला खलनायकाची गरजसुद्धा नाही.

तिच्या आसपासची माणसं सापडायला दुसरी एक वही आहे, आणि ती तुम्हाला मी सांगायला नको. जात पडताळणीच्या निमित्तानं विदर्भातल्या निम्म्या घरांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढली आहे. जन्म कुणाच्या घरी, मयत कोण, कशानं: ताप, देवी, पटकी. आपण आपल्या आजोबांच्या नावासमोरची जात तेवढी बघतो आणि वही मिटतो. तुम्ही मिटू नका. १८६४चं पान मिळणार नाही, पण पुढच्या काळातल्या वह्यांतून तुमच्या भागातली बायकांची नावं, घरोघरचे धंदे, आणि एकाच आठवड्यात एकाच वस्तीत पटकीनं किती जण गेले, एवढं सगळं हाती लागतं. नायिकेचं नाव तिथूनच घ्या. बंदोबस्ताची मिसल म्हणजे कागदांची फाइल, कुठल्या शेतात काय पेरलं त्याचं पेरेपत्रक, शाळेची दाखल-खारीज पंजी, हेही त्याच कुळातलं. पलीकडच्या काठासाठी वाजिब-उल-अर्ज बघाच: गावातल्या पाण्यावर, वाटांवर, मासेमारीवर कुणाचा काय हक्क, कोणता रिवाज, हे त्यात लिहून ठेवतात. निस्तार पत्रकात चराई आणि जळाऊ लाकडं. बाईनं सरपण कुठून आणलं आणि तिला कोण अडवू शकत होतं, याचं उत्तर राजाच्या इतिहासात नसतं, ते असल्या कागदात असतं.

जुन्या कागदांवरची सालं बदलून घ्यायला शिका. शकात ७८ मिळवले की इसवी सन. शके १७८६ म्हणजे १८६४-६५. निजामाच्या मुलखात फसली नावाची कालगणना चालायची, तिच्यात ५९० मिळवायचे. भोसल्यांच्या जुन्या कागदांत शुहूर सन दिसला तर ५९९ किंवा ६००. बरेच कागद मोडीत असतील; राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, आणि मोडी वाटते तेवढी अवघड नाही. नागपूरचं पुराभिलेखागार, विदर्भ संशोधन मंडळ, यवतमाळचा शारदाश्रम, या जागा माहीत असू द्या. जाताना ‘वऱ्हाडचा इतिहास पाहिजे’ असं मोघम सांगू नका. ‘१८६० ते १८७०, अमरावती, कापूस बाजार’ एवढं नेमकं विचारलंत तर देणाऱ्यालाही सोपं जातं.

शहर आतून कसं दिसतं याचा नमुना पाहिजे असेल तर तो तुमच्याच जिल्ह्यात आहे, जरा जुना. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं, महानुभाव पंथाच्या त्या सत्पुरुषाचं, म्हाइंभटांनी लिहिलेलं चरित्र वाचा. तेराव्या शतकातलं गाव. गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, स्वयंपाकघरात डोकावतात, देवळात खेळतात, विहिरीवर जातात, आणि त्यांच्या मागं मागं गेलं की सगळं रिद्धपूर डोळ्यांसमोर उभं राहतं. परकोट किती फूट उंच होता हे त्यात कुणी सांगत बसत नाही. आता तिथं मराठीचं विद्यापीठ आलंय, पण गावाची ओळख करून घ्यायला ती पोथी पुरते.

हे तुमच्या लिखाणाला लावून बघू. दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात अशी आहे: ‘अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधण्यास घेतला होता. त्याचा घेर सव्वादोन मैल असून त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. आर्या थक्क होऊन पाहत राहिली.’ माहिती बरोबर आहे. पण ही माहिती आर्याला कुणी दिली? तिच्या डोळ्यांसमोर एक भिंत आहे आणि एक दरवाजा. तिला पेंढारी ठाऊक असतील, कारण आजी त्यांचं नाव घेऊन पोरं झोपवत असेल. मैल ठाऊक नाही. साल ठाऊक नाही. तिला एवढंच कळायला पाहिजे, की आत जायचं असेल तर कुणाला काय द्यावं लागतं. म्हणून रजिस्टरात प्रश्न लिहा: १८६४मध्ये दरवाजे रात्री बंद व्हायचे का? गाडीमागं कर कुठं घेत? पायी येणाऱ्या बाईला कोणी हटकायचं का? उत्तर सापडलं तर तसा प्रसंग लिहा. नाही सापडलं तर ती दिवसाउजेडी कापसाच्या गाड्यांच्या धुरोळ्यात आत शिरली असं लिहा. त्यात कुणी चूक काढू शकणार नाही, आणि वाचकाला धुरोळा मिळेल. सव्वादोन मैल तिच्या पायाला कळू द्या, काम मागत भिंतीच्या कडेकडेनं फिरताना.

खत कितीही भारी असलं तरी तुम्ही गिऱ्हाइकाला त्याचीच पेरणी करायला सांगत नाही. ती दोन रजिस्टरं प्रकरण लिहिताना दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवा. आठवणीतून लिहा. जे आठवलं नाही ते बहुतेक वेळा बाईलाही ठाऊक नव्हतं. लिहून झाल्यावर रजिस्टर काढा आणि फक्त चुका तपासा. बहिरमच्या यात्रेवर तुम्ही सात पानं टिपणं काढली आहेत. कादंबरीत त्यातली एक पालाची रांग आणि एक बांगड्यांचा व्यवहार आला तरी खूप झालं.

बोलण्याचा प्रश्न मला सोपा वाटतो. निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत, संवाद वऱ्हाडीत. मात्र फक्त गरिबांना वऱ्हाडी देऊन सावकाराला आणि पाटलाला पुस्तकी बोलायला लावू नका. तीन प्रकरणांत तुम्ही नेमकं तेच केलंय. इकडचा पाटीलही ‘मले’, ‘तुले’च म्हणतो. आर्वीकडची बोली आणि अंजनगावची बोली यांतला फरक तुमच्या कानाला कळतो, तो येऊ द्या. सासरी तिच्या बोलण्याला हसतील. जुन्या बोलीचा पुरावा हवा असेल तर ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५चा आहे, त्यात वऱ्हाडीचे आणि नागपुरीचे नमुने छापलेत. उधळ्या मुलाची बायबलातली गोष्ट वऱ्हाडीत वाचायला मजा येते.

राहिला सावकार. नाव बदला, गाव बदला, धंद्यात थोडा फेर करा, दोन-तीन घराण्यांच्या गोष्टी एकत्र कालवा. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असा एक समज आहे. आपल्या फौजदारी कायद्यात, पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४९९मध्ये आणि आता न्याय संहितेच्या ३५६मध्ये, स्पष्ट म्हटलंय की मृत माणसावरचा आरोप त्याच्या घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं केलेला असेल तर तोही बदनामीत धरला जाऊ शकतो. कज्जा होवो न होवो, आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानासमोरून तुम्हालाच जायचंय. शिवाय तुमचा सावकार मला जरा सरळसोट वाटला. त्यानं चढ्या भावाच्या भरात स्वतःही कर्ज उचललं असेल. १८६५मध्ये मुंबईच्या पेढ्या बसल्या तेव्हा त्यालाही कुणाच्या तरी ओट्यावर हात जोडून बसावं लागलं असेल. तो प्रसंग लिहा, मग वंशजांनी वाचलं तरी ते आधी रागावतील आणि नंतर पान उलटतील.

पत्राच्या तळटीपेत तुम्ही परवानगीचं विचारलंय. १८७० आणि १९११च्या गॅझेटिअरांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. सरकारनं छापलेल्या पुस्तकाला प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं अमरावतीचं गॅझेटिअर, १९६८चं, अजून २०२८ अखेरपर्यंत त्याखाली आहे. त्यातल्या घटना आणि सालं बिनधास्त घ्या, वाक्यं उचलू नका. काळे यांच्या पुस्तकालाही हेच लावा. हक्क उरला असो वा नसो, दुसऱ्याची वाक्यं कादंबरीत उपरीच दिसतात. स्मरणिकेतला जुन्या बाजारपेठेचा फोटो मुखपृष्ठावर घ्यायचा तुमचा विचार आहे, तो मात्र ज्याच्या संग्रहातला आहे त्याला विचारून घ्या. त्या फोटोत डाव्या कडेला सावकाराच्या दुकानाची पाटी वाचता येते, हे तुमच्या लक्षात आलं नसावं.